माँटगोमेरीहून

माँटगोमेरी, अलाबामा

प्रिय सुन्या,

आता तुला न्यायाधीशसाहेब म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही. लग्नाला जायचं तरी आधी यजमानाचा खटला आपल्यापुढे नाही ना ते बघावं लागतं, संध्याकाळी पारावर टेकता येत नाही, असं लिहिलंस. वाचून हसलो, मग वाईट वाटलं.

इथल्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टाच्या इमारतीला न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांचं नाव आहे. 1955 साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना नेमलं. इथे फेडरल न्यायाधीशाची नेमणूक तहहयात असते, बदली नाही. तुला तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवण्याचं दुःख. या माणसाला निकाल द्यायचा आणि ज्यांच्याविरुद्ध दिला त्यांच्याच गावात राहायचं. आणि आला पहिल्याच वर्षी बसचा खटला! गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या जागा घटनाबाह्य, असं तीन जणांच्या पीठाने दोन विरुद्ध एक ठरवलं. त्या दोघांतले एक जॉन्सन. धमकी म्हणून त्यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला.

गंमत बघ, गव्हर्नर जॉर्ज वॉलेस लॉ कॉलेजातला त्यांचा वर्गमित्र. 1965 मध्ये काळ्यांच्या मतदानहक्कासाठी सेल्माहून माँटगोमेरीला येणारा मोर्चा वॉलेसने अडवला. महामार्ग अडतो, हे त्याचं म्हणणं. जॉन्सन म्हणाले, अन्याय जेवढा मोठा, तेवढा निषेधाचा हक्क मोठा. आणि परवानगी दिली. दोन वर्षांनी त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब पडला. म्हातारी वाचली. मुलाच्या निकालाची किंमत आईच्या दारात वसूल करायला निघालेले लोक! हे वाचलं आणि मला तुझी आई आठवली, रोज रात्री तुला 'जेवलास का' विचारणारी.

मला मात्र त्यांचा 1972 चा मनोरुग्णालयाचा आदेश जास्त आवडतो. तत्त्वज्ञान नाही त्यात. आठ रुग्णांमागे एक संडास, पंधरांमागे एक न्हाणी, खोलीचं तापमान किती, गरम पाणी किती गरम, सगळं मोजून लिहिलंय. तू वाच, तुला पटेल. तूही शाळेत भूमितीच्या आकृत्या अशाच मोजून काढायचास.

1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी एफबीआयचं प्रमुखपद देऊ केलं, पण तब्येतीमुळे राहून गेलं. 1999 मध्ये इथेच वारले.

दिवाळीत येतोय. पारावर बसणं जमत नसेल तर तुझ्या क्वार्टरच्या ओट्यावर बसू. चकल्या काकूंच्याच हातच्या हव्यात, हे मात्र आत्ताच सांगून ठेव.

तुझा,
बंड्या