स्थानिक मागण्यांना विधिमंडळात जागा हवी

महोदय,

मोठ्या खंडानंतर राज्यातील नगरपालिका आणि महापालिकांमध्ये लोकांनी निवडून दिलेले सदस्य बसले आहेत. २०२२ पासून बहुतेक ठिकाणी प्रशासकाचा कारभार होता. या काळात आपल्या भागाला राज्याकडून काय हवे, हे सभागृहात उभे राहून सांगणारेच कोणी नव्हते. म्हणून नव्या सदस्यांकडे एक आग्रहाची मागणी आहे. गटारे, दिवे आणि ठेकेदारांची बिले यांत पहिले वर्ष जाऊ देऊ नका. अधिवेशनापूर्वी आपल्या जिल्ह्याची मागणी एकमुखाने तयार करा.

मी जिल्हा परिषदेत सदस्य होतो. तेथील ठरावांचे पुढे काय होते, ते जवळून पाहिले आहे. सर्वसाधारण सभेत विषय येतो, पोटतिडकीने चर्चा होते आणि ‘शासनास शिफारस करण्यात यावी’ या वाक्याने इतिवृत्त संपते. ठराव मंत्रालयात पोहोचतो, पण त्याला उत्तर आलेच पाहिजे असे बंधन कोणावर नाही. उलट दिशेची व्यवस्था मात्र चोख आहे. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येते, लेखापरीक्षणातील आक्षेपांवर अधिकाऱ्यांची साक्ष काढते. हे व्हायलाच हवे. पण जिल्हा परिषदेला जाब विचारण्याची सोय आहे, तशी जिल्हा परिषदेने विधिमंडळापुढे आपले म्हणणे मांडण्याचीही असली पाहिजे.

खरे तर घटनेने ती दिलेली आहे. विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक प्राधिकारी मतदारसंघांच्या आहेत. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांच्या मतांवर हे आमदार निवडून येतात. निवडणुका लांबल्याने यातील अनेक जागा रिकाम्या राहिल्या, हे त्या वर्षांचे फारसे न बोलले गेलेले नुकसान. हे आमदार कोणत्या पक्षाचे, याचीच चर्चा होते. आपल्या मतदार संस्थांचे किती ठराव त्यांनी परिषदेत मांडले, हे कोणी विचारत नाही. नगरसेवकांनी ते आता विचारावे.

एकाच साच्याच्या योजनेने राज्याचे भागत नाही. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की संपर्क तुटतो. तिथे पूल आणि बारमाही रस्ता ही पहिली गरज. मराठवाड्यातील ग्रामपंचायतीला टँकर लागण्याआधी पाण्याच्या स्रोतावर खर्च करायचा असतो. रायगड जिल्ह्यात २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली. त्याआधी २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातील माळीण गेले होते. डोंगराखालची वस्ती सुरक्षित जागी हलवायची तर जमीन महसूल खात्याची किंवा वनखात्याची, पैसा राज्याचा आणि परवानगी आणखी कोणाची. अशा गावाच्या सरपंचाकडे अर्ज करण्यापलीकडे काय आहे? दरडप्रवण वस्त्यांचे पुनर्वसन आपत्तीनंतरची मदत म्हणून होते. ते आपत्तीपूर्वीचे हक्काचे काम ठरावे, यासाठी कायद्यातच तरतूद हवी. माझ्या मते कोकण आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातील संस्थांनी सर्वांत आधी हीच मागणी करावी.

पैशाबाबत एक अनुभव बोलका आहे. जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर महापालिकांना २०१७ च्या कायद्याने भरपाई मिळाली, तीही दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने. कायद्यात लिहिले म्हणून त्या रकमेवर अंदाजपत्रक बांधता येते. ग्रामपंचायतींच्या वाट्याला मात्र अटींचा पैसा जास्त. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानापैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले होते. हे विषय महत्त्वाचेच आहेत, पण साकवाची किंवा संरक्षक भिंतीची निकड असलेल्या गावाने काय करायचे? राज्य वित्त आयोग दर पाच वर्षांनी नेमणे आणि त्याच्या शिफारशी, त्यांवर काय केले या निवेदनासह, विधिमंडळापुढे ठेवणे घटनेने बंधनकारक केले आहे. ते वेळेवर व्हावे, हा आग्रह प्रत्येक जिल्ह्याच्या यादीत असावा. केरळमध्ये कोणत्या स्थानिक संस्थेला किती रक्कम मिळणार, हे अर्थसंकल्पाच्या परिशिष्टातच छापले जाते. आपल्याकडे हे करायला कोणती अडचण आहे?

यादी करण्यासाठी नवी समिती नको. पंचायती आणि नगरपालिकांच्या योजना एकत्र करण्याचे काम घटनेने जिल्हा नियोजन समितीकडे दिले आहे आणि तिचे किमान चार पंचमांश सदस्य याच संस्थांमधून निवडून यायचे असतात. आज तिच्या बैठका वार्षिक निधीच्या वाटपात संपतात. अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वीची एक बैठक फक्त राज्याकडील मागण्यांसाठी ठेवावी. मागण्या पाच-सातच असाव्यात, प्रत्येकीपुढे कोणता कायदा, नियम किंवा निधी बदलायचा हे स्पष्ट लिहावे. पन्नास मागण्यांच्या निवेदनाला पोच मिळते, उत्तर मिळत नाही. ही यादी स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाच्या आमदाराने परिषदेत मांडावी आणि सरकारने त्याच अधिवेशनात मुद्देनिहाय लेखी उत्तर द्यावे. नकार असेल तर तोही कारणासह कळवावा.

– एक माजी जिल्हा परिषद सदस्य