मनिऑर्डर तपासणीसाठी आहे

गिरगाव, मार्च 1979

चि. विनूस,
अनेक आशीर्वाद.

जेपी, म्हणजे जयप्रकाश नारायण, गेल्याचं तिकडे बोधगयेतही कळलं असेल, आणि ते खरं नव्हतं हेही. ऑफिसात ट्रान्झिस्टर लावलेला होता. पंतप्रधान मोरारजींनी लोकसभेत सांगितलं म्हणे. साहेबांनी सगळ्यांना सोडलं. मी घरी न येता पेडर रोडला गेलो. जेपी होते त्या जसलोक हॉस्पिटलसमोर ही गर्दी! एक म्हातारी ओंजळभर चाफा घेऊन आली होती. आतून कुणी येऊन म्हणालं, "अहो, आहेत ते." तर ती मलाच विचारायला लागली, आता ही फुलं कुठं ठेवू?

आईला तुझ्या पायांच्या सुजेची काळजी आहे. मला तसं काही नाही.

पण बघ, जून 75 मध्ये आणीबाणीत जेपींना धरलं, नोव्हेंबरात सोडलं तेव्हा मूत्रपिंडं कामातून गेलेली. डायलिसिसच्या यंत्रासाठी लोकांनी रुपया रुपया काढला. त्यात आपलेही पाच आहेत, तुझ्या नावानं दिले होते. तू तेव्हा आत होतास. सुटून आलास तेव्हा चपलेच्या अंगठ्यात तुझा अंगठा शिरत नव्हता. प्रवासाची सूज, म्हणालास. नाशिकरोड ते मुंबई प्रवास तो केवढा, विनू?

पाणी उकळून पी. उपास करू नकोस. त्या भूमिहीनांची जमीन तिथल्या मठाच्या महंताकडून सोडवायची तर आधी स्वतः उभं राहता आलं पाहिजे. तुमच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत तिशीनंतर ठेवत नाहीत, मग पुढं काय, हा विचार... जाऊ दे. भाषण झालं. रागावू नकोस.

तुरुंगात भेटीला आलो तेव्हा सुटकेसाठीचं हमीपत्र मीच लिहून आणलं होतं. तू न वाचता चार घड्या घालून परत दिलंस. आईला मी सांगितलं, भेट झाली नाही. आता ऑफिसात तो प्रसंग सगळ्यांना सांगतो, आमच्या विनूनं सही केली नाही म्हणून. कागद कुणी नेला होता, तेवढं गाळतो.

शकूचं जवळजवळ ठरलंय. वैशाखात ये.

वीस रुपयांची मनिऑर्डर केली आहे. गयेला जाऊन लघवी तपासून घे, सकाळची पहिली, स्वच्छ बाटलीत. पैसे त्याचेच आहेत, कुणाला देऊन टाकू नकोस. रिपोर्ट ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

तुझे
अण्णा