मदतीचं बियाणं पेरणीआधी पोहोचलं पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धग्रस्त भागासाठी मदतीचं आवाहन झालं की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली तरुण मंडळं आणि माजी सैनिक संघटना लगेच कामाला लागतात. कपडे, चादरी, तांदूळ, औषधं भराभर जमतात. कृष्णा-दूधगंगेला पूर आला की हीच माणसं हेच सामान घेऊन धावतात. याबद्दल आदर बाळगूनच एक गोष्ट कळकळीनं मांडावीशी वाटते. गोळीबार थांबल्यावर किंवा पाणी ओसरल्यावर गावाला धान्य हवंच, पण पुढची पेरणी हुकली तर ते गाव आणखी वर्षभर मदतीच्या रांगेतच राहतं. म्हणून मदतीचा हिशेब पेरणीच्या तारखेपासून मागे मोजत करायला हवा.

दुसरं महायुद्ध अजून चालू असतानाच, ९ नोव्हेंबर १९४३ रोजी, ४४ देशांनी 'उन्रा' ही मदत व पुनर्वसन संस्था उभी केली. पोलंड, युगोस्लाव्हिया, ग्रीस या देशांना तिनं अन्नधान्याबरोबर बियाणं, खतं, ट्रॅक्टर, नांगरटीचे घोडे आणि खेचरंही पाठवली. आपल्या शेजारी कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले. त्यांच्या देशात गुरंढोरं आणि बियाणं दोन्ही संपलं होतं, तिथे नुसत्या पिठाच्या पोत्यांनी भागणार नव्हतं.

सर्वात जास्त घोटाळा बियाण्यात होतो. १९७१ साली इराकमध्ये दुष्काळानंतर मागवलेलं पाऱ्याचं विषारी बुरशीनाशक औषध लावलेलं गव्हाचं बियाणं बऱ्याच ठिकाणी पेरणी उरकल्यावर पोहोचलं. पोत्यांवरचा इशारा शेतकऱ्यांना न समजणाऱ्या भाषेत होता. भुकेल्या घरांनी त्याच्या भाकऱ्या केल्या. साडेसहा हजारांवर माणसं इस्पितळात दाखल झाली आणि तिथे ४५९ दगावली. उशीर, परकी भाषा आणि घरात खायला दाणा नसणं, ही तीनही कारणं टाळता येण्यासारखी होती. म्हणून बियाण्याच्या प्रत्येक पोत्यासोबत त्या घराला पीक हाती येईपर्यंत पुरेल असं धान्य द्यावं, नाहीतर बियाणं चुलीवर जाणारच. औषध लावलेलं बियाणं रंगवलेलं असावं आणि इशारा गावच्या भाषेत चित्रासह असावा. आपल्या सीमाभागात तो कन्नडबरोबर मराठीतही छापला पाहिजे. इथे प्रश्न जिवाचा आहे, त्यामुळे यावर वाद नको.

वाण त्या मातीत आधीपासून पिकणारा असावा आणि शक्यतो सरळ वाण द्यावा. संकरित दिला तर पुढच्या वर्षी घरचं बियाणं राखता येत नाही. सोयाबीनचं साल नाजूक असतं. पोती ट्रकमधून आपटली किंवा उंच थप्पी लावली की उगवण घसरते, बाहेरून मात्र दाणा छान दिसतो. म्हणून वाटपाआधी प्रत्येक लॉटमधले १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावं, ओल टिकवावी आणि आठवड्यानं निरोगी कोंब मोजावेत. ७० निघाले तर सोयाबीन एकरी ३० किलो पुरतं, ६० निघाले तर ३५ किलो लागतं. त्याखाली आलं तर तो लॉट वाटूच नये. पुराच्या पाण्यात भिजून वाळवलेलं बियाणं तर अजिबात नको.

तारखा प्रत्येक गावच्या वेगळ्या असतात. युक्रेनमध्ये गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, मका आणि सूर्यफूल एप्रिल-मे महिन्यांत. आपल्याकडे खानापूर-बेळगावचं भात धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, मेअखेरीस पडतं, निपाणीचं सोयाबीन मृगाच्या पावसावर, अथणीचा शाळू सप्टेंबरच्या मध्यापासून. ऑगस्ट २०१९ च्या पुरासारखी वेळ पुन्हा आली तर खरिपाच्या बियाण्यामागे धावून काही हाती लागणार नाही. पाणी ओसरेपर्यंत शाळू, हरभऱ्याचं बियाणं गोळा झालेलं हवं. फुकट धान्याच्या गाड्याही सुगीच्या तोंडावर थांबवाव्यात. त्या चालूच राहिल्या तर ज्यानं कसंबसं पहिलं पीक काढलं त्याचाच भाव पडतो.

जमिनीचं दुखणं याहून चिवट. ऑक्टोबर १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हॉलंडच्या वाल्खेरन बेटाचा बांध फोडला आणि शेतांत समुद्र शिरला. शेवटचं भगदाड १९४६ च्या सुरुवातीला बुजलं. तिथल्या खारावलेल्या जमिनींना जिप्सम हे कॅल्शियमयुक्त खनिज द्यावं लागलं. अथणी, रायबाग, चिकोडीच्या चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या, जमिनींचं कारण वेगळं आहे, तिथे अति पाणी आणि तुंबलेला निचरा नडतो. मातीतली रासायनिक क्रिया मात्र तीच. मातीला चिकटलेल्या सोडियमची जागा जिप्सममधलं कॅल्शियम घेतं आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. तो जायला वाट नसेल तर जिप्समचे पैसे वाया जातात, म्हणून आधी चर काढावेत. सामू (मातीचा पीएच) साडेआठच्या वर असेल तरच जिप्सम, तेही माती परीक्षणात येईल तेवढं, वरच्या चार-सहा इंचांत मिसळून पाणी साठवून. नुसता पांढरा क्षार फुलला असेल आणि सामू कमी असेल तर निचरा आणि गोड पाणी पुरेसं होतं. ओली चोपण जमीन ट्रॅक्टरनं तुडवली तर ती आणखी घट्ट बसते.

जनावर देताना चाऱ्याची सोय आधी करावी. मोठ्या गाईला दिवसाला १५-२० किलो ओला आणि पाच-सहा किलो सुका चारा लागतो. तो नसेल तर दान मिळालेली गाय महिन्याभरात बाजारात उभी राहते. युद्धोत्तर युरोपला गाभण कालवडी पाठवणाऱ्या 'हेफर प्रोजेक्ट' या संस्थेची अट चांगली होती: पहिली कालवड झाली की ती दुसऱ्या गरजू घराला द्यायची. आपल्याकडे भिजलेला कडबा बुरशी आल्यावर खायला घालू नये, आणि घटसर्प, फऱ्याच्या लशी पावसाळ्याआधीच टोचून घ्याव्यात.

सुरुंग पेरलेल्या शेतात मात्र नांगर, बी, जनावर काहीही आधी नेऊ नये. २००१-०२ मध्ये 'ऑपरेशन पराक्रम' या लष्करी जमवाजमवीच्या वेळी शेतांत सुरुंग पेरले गेले, तेव्हा पंजाब-राजस्थान सीमेवरच्या शेतकऱ्यांनी हे भोगलं आहे. पूर आला तर सुरुंग जागा सोडून वाहत जातात, २०१४ साली बोस्नियात तसं झालं. खुणा लावलेल्या हद्दीबाहेरही म्हणून गाफील राहता येत नाही. अशा भागासाठी आपल्या मंडळांनी अवजारं न पाठवता सुरुंग काढणाऱ्या अनुभवी संस्थांना पैसेच द्यावेत.

मंडळांना आणि ग्रामपंचायतींना विनंती आहे की मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्या गावाची पिकं, पेरणीच्या तारखा, लागणारं बियाणं आणि चारा यांची यादी दोन्ही भाषांत करून कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात द्यावी. मदतीचं आवाहन निघेल तेव्हा तीच यादी सोबत छापावी.

आपले,
सीमाभागात शेती व मदतकार्यात काम करणारे काही वाचक, निपाणी-खानापूर