७५ नंबरचं नावसुद्धा नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काल रविवारच्या पुरवणीत अमेरिकन कॉलेज फुटबॉलवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या एडी जॉर्जवर अर्धं पान, त्याच्या १९९५च्या हाइसमन ट्रॉफीचं (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळते ती) कौतुक, आणि त्याच्याच संघातल्या ऑर्लंडो पेसचा साधा उल्लेखही नाही! जॉर्जने त्या मोसमात चेंडू घेऊन धावत १,९२७ यार्ड काढले, मान्य. पण त्याला वाट कोणी करून दिली?

मी तेव्हा कोलंबसला, ओहायो स्टेटमध्येच शिकत होतो. इलिनॉयविरुद्ध जॉर्जने ३१४ यार्ड काढले, तो सामना मी स्टेडियममध्ये बसून पाहिलाय. मला खेळ कळत नव्हता, चेंडू कुठे गेला तेही दिसायचं नाही. शेजारी बसलेला रूममेट म्हणाला, "चेंडू सोड, ७५ नंबरकडे बघ." तो पेस, लेफ्ट टॅकल, म्हणजे पुढच्या फळीत (लाइनमध्ये) डावीकडे उभा राहून चेंडूवाल्याला वाट करून देणारा. उंची साडेसहा फुटांवर, वजन दीडशे किलोच्या आसपास. चेंडू हलला रे हलला की याचे दोन्ही पंजे समोरच्याच्या छातीवर, आणि पाय थांबायचेच नाहीत. चांगला धिप्पाड गडी मागे मागे रेटला जायचा आणि पाठीवर चीत! तिकडे याला 'पॅनकेक' म्हणतात. तालीम पाहिलेल्या माणसाला यातलं बळ वेगळं सांगायला नको. उरलेल्या सामन्यात मी चेंडूकडे पाहिलंच नाही.

कॉलेजच्या शेवटच्या दोन मोसमांत पेसने एकही सॅक होऊ दिला नाही, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या आपल्या गड्याला फेकण्याआधी पाडू दिलं नाही. मुख्यतः लाइनमधल्या खेळाडूंना मिळणारा लोंबार्डी पुरस्कार दोनदा मिळवणारा तो पहिला. १९९६च्या हाइसमनच्या मतदानात मात्र चौथा. त्याच ओहायो स्टेटचा जॉन हिक्स १९७३मध्ये दुसरा आला होता. लाइनच्या आतल्या जागी झुंजणाऱ्याला ती ट्रॉफी आजवर मिळालेलीच नाही. निदान १९९७च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, रॅम्स संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. जानेवारी २०००मध्ये रॅम्स सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, जिंकले, तेव्हा हरलेल्या टायटन्समध्ये कोण होता? एडी जॉर्ज! एवढं तरी लेखात यायला हवं होतं.

सगळ्यात जास्त लागलं ते छायाचित्र. जॉर्ज चेंडू घेऊन निघालाय, त्याच्या पुढे ७५ नंबर स्वच्छ दिसतोय, आणि खालच्या ओळीत नाव एकट्या जॉर्जचं. ती ओळही चाळिशी लावून कशीबशी वाचली. पुरवणीचा टाइप एवढा बारीक का केलात? पुढच्या रविवारी ऑर्लंडो पेस हे नाव छापा, आणि वाचता येईल अशा अक्षरांत छापा.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे