तयारीच्या नादात खेळ राहून जातो

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात संगणकावरील स्ट्रॅटेजी खेळांविषयी अलीकडे दोन परस्परविरोधी मते वाचनात आली. मुले हे खेळ खेळणारच असतील तर त्यांनी ते अभ्यासासारखे, पद्धतशीर तयारी करून खेळावेत, म्हणजे निदान वेळेचे काही चीज होईल, असे एका पालकांचे म्हणणे होते. दुसऱ्या पत्रलेखकांनी ‘खेळ तो खेळ, त्यात कसली आली तयारी’ असे म्हणून विषय निकालात काढला होता. मी स्वतः तरुणपणापासून हे खेळ खेळत आलो आहे, घरात खेळणारी पुढची पिढीही आहे, आणि मला ही दोन्ही मते अर्धवट वाटतात. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी एक खुलासा करतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली आहे, आणि मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंचा प्रश्न तर निराळाच आहे. त्या दोहोंशी या पत्राचा संबंध नाही. मी लिहितो आहे ते ‘एज ऑफ एम्पायर्स’ किंवा ‘सिव्हिलायझेशन’ यांसारख्या खेळांविषयी, ज्यांत राज्य उभारायचे, साधनसामग्री जमवायची आणि प्रतिस्पर्ध्याचा डाव ओळखून आपला डाव बदलायचा असतो.

‘नुसती मजा करा’ हा सल्ला नवख्या खेळाडूच्या काहीच कामाचा नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग १९९९ साली आला आणि २०१९ मध्ये त्याची नव्याने सजवलेली आवृत्ती निघाली, आज गोव्यातली मुले खेळतात ती हीच. नेहमीचा डाव सुरू होतो तेव्हा खेळाडूच्या हाती एक टाउन सेंटर (नवे गावकरी जिथे तयार होतात ती गावाची मुख्य इमारत), तीन गावकरी आणि टेहळणीसाठी एक घोडेस्वार एवढेच असते. प्रत्येक नव्या गावकऱ्यासाठी ५० अन्न लागते आणि त्याला तयार व्हायला २५ सेकंद लागतात. म्हणजे टाउन सेंटर दोन-तीन मिनिटे रिकामे राहिले, तर तेवढ्या वेळात पाच-सात माणसे कायमची हुकली, आणि ती माणसे पुढे जे लाकूड तोडणार होती, जे सोने खणणार होती, तेही हुकले. ज्याला हा हिशेब ठाऊक नाही तो हरतो, आणि आपण का हरलो हेही त्याला समजत नाही. हरण्यातही गंमत असते, पण ती कारण कळले तरच. तेव्हा थोडी तयारी ही मजेची पूर्वअट आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

अडचण पुढे सुरू होते. माझा भाचा बारावीत आहे आणि या खेळाचा त्याला विलक्षण नाद आहे. त्याने यूट्यूबवरून एक ‘बिल्ड ऑर्डर’ पाठ केली आहे, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या गावकऱ्याने काय करायचे याचे वेळापत्रक. पहिले सहा गावकरी मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर, मग एकाने रानडुकरावर बाण सोडून त्याला पाठीमागे लावून घ्यायचे, टाउन सेंटरपर्यंत धावत आणायचे आणि तिथे बाकीच्यांनी त्याला मारायचे. एका रानडुकरापासून ३४० अन्न मिळते, मेंढीपासून १००, म्हणून हा सगळा खटाटोप. यात क्षणाचा उशीर झाला तर डुक्कर गावकऱ्यालाच मारते. तसे झाले की भाचा म्हणतो, “मामा, माणूस गेला, आता हा डाव वाया,” आणि चौथ्या-पाचव्या मिनिटालाच खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. असे संध्याकाळभर चालते. खेळात कोणत्या संस्कृतीचे राज्य चालवायचे हे खेळाडू निवडतो, आणि त्याला पोर्तुगीज संस्कृती घेऊन खेळायला आवडते, आणि गोव्यातल्या मुलाला ते कुतूहल असणे साहजिकच आहे. परंतु पोर्तुगिजांची ‘फेइतोरिया’ नावाची जी खास इमारत आहे ती खेळाच्या शेवटच्या युगात बांधता येते, आणि इतके महिने खेळून या मुलाने ती अजून एकदाही बांधलेली नाही, कारण त्याचे डाव तिथवर पोहोचतच नाहीत.

याला तयारी म्हणायचे का? माझ्या मते ही तयारी नव्हे, पाठांतर आहे, आणि पाठांतराचा तोटा असा की त्यात नजर पडद्यावर असली तरी लक्ष पडद्यावर नसते. या खेळात नकाशा दर वेळी नवा निघतो. कधी हरणांचा कळप गावाला चिकटून असतो, कधी सोन्याची खाण नेमकी शत्रूच्या बाजूला उघड्यावर पडलेली असते. अशा वेळी वेळापत्रक बाजूला ठेवून नवा विचार करावा लागतो, तोच तर खेळ. आमचा भाचा मात्र समोरच्याने भालाफेके स्कर्मिशर उभे केलेले स्वच्छ दिसत असतानाही तिरंदाजच काढत राहतो, कारण व्हिडिओत तिरंदाज काढायला सांगितलेले असते. स्कर्मिशर हे तिरंदाजांचा काळ म्हणूनच खेळात घातलेले आहेत, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

याउलट माझे एक स्नेही आहेत, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. ते ‘सिव्हिलायझेशन’चा २०१६ साली आलेला सहावा भाग खेळतात. त्यात शहराच्या सभोवती निरनिराळे विभाग वसवावे लागतात, आणि विद्यापीठाचा विभाग डोंगराला लागून वसवला तर शेजारच्या प्रत्येक डोंगरामागे विज्ञानाचा एक गुण अधिक मिळतो. हे गृहस्थ चौकटीच्या वहीत षटकोन काढून, कोणता विभाग कुठे बसवला तर किती गुण पडतील याची आकडेमोड पावसाळ्यातल्या दुपारी तासन्‌तास करीत बसतात. प्रत्यक्ष खेळ त्या मानाने थोडाच होतो. तरीही मला त्यांच्याविषयी तक्रार करावीशी वाटत नाही, कारण ती आकडेमोड त्यांची स्वतःची आहे. वही हेच त्यांचे मैदान. तयारीला किती वेळ गेला यापेक्षा त्या वेळात डोके कोणाचे चालले, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

खेळ घडवणाऱ्यांनाही हा पेच चांगला ठाऊक आहे. १९९१ साली पहिले ‘सिव्हिलायझेशन’ घडवणारे सिड मायर यांची खेळाविषयीची कल्पनाच अशी की, खेळ म्हणजे एकामागून एक येणाऱ्या रंजक निर्णयांची मालिका. त्याच मालिकेतल्या २००५ च्या चौथ्या भागाचे प्रमुख रचनाकार सोरेन जॉन्सन यांनी तर स्पष्ट लिहून ठेवले आहे की, संधी मिळाली तर खेळाडू सर्वांत किफायतशीर मार्गाच्या मागे लागून स्वतःच्याच खेळातली मजा घालवून बसतात. मायर यांची कसोटी माझ्या भाच्याच्या संध्याकाळीला लावली तर असे दिसेल की तिथे निर्णय एकही झालेला नाही. सगळे निर्णय व्हिडिओ करणाऱ्या कोणा परदेशी तज्ज्ञाने आधीच घेऊन टाकले होते.

यावर कोणी म्हणेल की बुद्धिबळातही तयारी लागतेच की. लागते, आणि भरपूर लागते. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीपासून नोव्हेंबरभर बुद्धिबळाचा विश्वचषक आपल्या गोव्यात झाला, तेव्हापासून आमच्या वाड्यावरच्या पालकांच्या तोंडी ‘ओपनिंगची’ म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची ‘तयारी’ हे शब्द बसले आहेत. भक्ती कुलकर्णी, अनुराग म्हामल, लिऑन मेंडोन्सा असे खेळाडू ज्या भूमीने दिले तिथे हे कौतुक योग्यच आहे. पण त्याच बुद्धिबळात पाठ केलेल्या ओपनिंगचा कंटाळा येऊन माजी जगज्जेते बॉबी फिशर यांनी १९९६ साली ब्युनोस आयर्स येथे एक नवा प्रकार मांडला. त्यात मागच्या रांगेतल्या सोंगट्या चिठ्ठी टाकल्याप्रमाणे मांडल्या जातात, मांडणीचे ९६० प्रकार होऊ शकतात, आणि त्यामुळे पहिल्याच चालीपासून स्वतःच्या बुद्धीने खेळावे लागते. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने २०१९ मध्ये या प्रकाराची अधिकृत जागतिक स्पर्धाही भरवली. तयारीत ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, अशा माणसाला पाठांतरापासून खेळ वाचवावासा वाटला, ही गोष्ट पालकांनी मुलांच्या हाती ओपनिंगची पुस्तके देताना ध्यानात घ्यावी.

तयारी कुठवर करावी, याचे उत्तर मला पेडणे तालुक्यातल्या दशावतारी नाटकांत सापडते. तिथे परंपरेने हातात लिहिलेली संहिता नसते. रात्री रंगमंचावर जाण्यापूर्वी आख्यान कोणते, प्रवेश कोणते, कोणी कोणाला कुठे गाठायचे, एवढे ठरते. संवाद मात्र नट समोरच्याचे ऐकून जागच्या जागी रचतो. पुराणकथा त्याला ठाऊक असावी लागते, गाण्याची आणि युद्धनृत्याची तालीम झालेली असावी लागते, आणि तरीही समोरचा राक्षस आज काय बोलणार हे त्याला माहीत नसते. स्ट्रॅटेजी खेळाची तयारीही एवढ्यावरच थांबावी असे मला वाटते. पहिली काही मिनिटे कशी काढायची, कोणत्या सैन्याला कोणते सैन्य भारी पडते आणि आज आपला साधारण बेत काय आहे, इतके ठाऊक असले की पुढचा डाव कोरा सोडावा.

कोरा सोडण्यात एक अडचण आहे, ती म्हणजे ‘सेव्ह’ची सोय. चाल फसली की मागचा डाव उघडायचा आणि तीच चाल पुन्हा वेगळी खेळायची, ही सवय लागली की तयारी आणि खेळ यांतला फरकच पुसला जातो. २०१२ च्या ‘एक्सकॉम’ या सैनिकी डावपेचांच्या खेळात नेम किती टक्के लागेल हे गोळी झाडण्याआधी दिसते, आणि नव्वदच्या वर आकडा दिसत असतानाही नेम चुकतो, तेव्हा कितीही शांत माणसाचा तोल जातो. म्हणूनच त्या खेळात ‘आयर्नमॅन’ नावाची एक पद्धत ठेवली आहे, जिच्यात मागे जाताच येत नाही. मोठ्यांनी आणि मुलांनीही अधूनमधून ती वापरून पाहावी. गमावलेल्या शिपायावाचून मोहीम पुढे रेटताना जी युक्ती सुचते, ती कोणत्याही व्हिडिओत सापडत नाही.

उरला प्रश्न अभ्यासाचा. माझ्या मते त्याची खरी वेळ डावाच्या आधी नसून डावानंतर आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये खेळलेला डाव नोंदला जातो आणि तो मागाहून पाहता येतो. संपूर्ण पाहण्याची गरज नाही. जिथे आपण मागे पडलो तेवढा भाग पाहावा, टाउन सेंटर कुठे रिकामे राहिले, शत्रूची फौज कुठे दिसूनही आपण दुर्लक्ष केले, हे शोधावे, आणि मगच त्या एका मुद्द्यावर कोणाचा व्हिडिओ पाहायचा तो पाहावा. अशा वेळी परक्याचे उत्तर आपल्या प्रश्नाला मिळते, म्हणून ते ध्यानातही राहते. आधी उत्तर पाठ करून मग प्रश्नाची वाट पाहत बसणे यात श्रम दुप्पट आणि रस निम्मा. शिवाय पालकांनाही यात भाग घेता येतो. मुलाने हरलेला डाव मागे फिरवून “इथे तू काय पाहिलेस?” एवढे विचारायला खेळ येण्याची गरज नाही.

जाता जाता एक सूचना करतो. मे महिन्याच्या सुट्टीत आणि महाविद्यालयीन महोत्सवांत आता या खेळांच्या स्पर्धा ठेवल्या जातात. बहुतेक ठिकाणी नकाशा आणि संस्कृती आधीच जाहीर होते, आणि मुले महिनाभर तेवढेच घोकून येतात. संयोजकांनी निदान एक गट असा ठेवावा की ज्यात नकाशा आणि संस्कृती दोन्ही खेळाडूंना डाव सुरू होतानाच कळतील. खेळात तशी सोय आधीपासूनच आहे, वेगळा खर्च येत नाही. बक्षीस याच गटाला मोठे ठेवावे. तसे झाले तर आमच्या घरातूनही एका नावाची नोंदणी नक्की होईल, आणि वयाची अट नसेल तर दोन नावांची.

आपला,
एक नियमित वाचक,
फोंडा, गोवा