नाईलची दारे आणि गावभागातली मोटार

संपादक महोदय,

नाईलवरच्या धरणाचा आपल्या अंकातला लेख दुपारी गिऱ्हाईक नसताना गिरणीतच बसून वाचला. इथिओपियाच्या त्या धरणात ७४ अब्ज घनमीटर पाणी मावते म्हणे. आम्हा सांगलीकरांना घनमीटर कळत नाही, म्हणून मुलाकडून टीएमसी (अब्ज घनफूट) करून घेतले. २६०० च्या वर! कोयना १०५ ची. म्हणजे एका भिंतीमागे जवळजवळ पंचवीस कोयना.

लेखात सगळा भर वाट्यावर आहे. १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदानने नाईल आपसांत वाटून घेतली, आणि जिच्या डोंगरातून बहुतेक पाणी येते त्या इथिओपियाला विचारलेसुद्धा नाही. खरेच आहे. पण मला जे लागले ते वेगळेच. सप्टेंबर २०२५ मध्ये या धरणाचे उद्घाटन झाले आणि महिन्याभरात सुदानमध्ये पूर. इजिप्त म्हणाला, बेफिकिरीने पाणी सोडले. इथिओपिया म्हणाला, धरण नसते तर याहून वाईट झाले असते. ही दोन्ही वाक्ये आम्ही इथे नदीकाठी ऐकलेली आहेत.

माझी गिरणी गावभागात. पाणी चढतेय म्हटले की आधी मोटार सोडवायची. पट्टा काढायचा, पायाचे चार बोल्ट खोलायचे (गंजलेले असले की रॉकेल ओतून वाट बघत बसायचे), मग तिघांनी दोरखंड बांधून जिन्याने माडीवर न्यायची. जात्याचे दगड खालीच राहतात, त्यांना कोण उचलणार! सगळे मिळून तीन तास. २०१९ ला रात्री शेजाऱ्यांच्या मोबाइलवर आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी किती फूट, तो आकडा बघितला, म्हटले सकाळी बघू. पहाटे उंबऱ्याच्या आत पाणी. आकडा दुपारचा होता, ते नंतर कळले. पाणी पुढे ५७ फुटांवर गेले. मोटारीला रिवाइंडिंग करावे लागले, लोकांचे डबे गेले ते वेगळेच.

त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या सरकारी वडनेरे समितीने त्याचा दोष अलमट्टीवर, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणाच्या फुगवट्यावर, टाकला नाही. आमच्या कट्ट्यावर ते कुणाला पटलेले नाही, मलाही पुरते नाही. आता तर कर्नाटकला अलमट्टी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायची आहे. त्याला विरोध व्हायलाच हवा. पण कोयना-वारणेची दारे आपल्या हातात आहेत, आणि उन्हाळ्यात कर्नाटक त्याच पाण्यासाठी पत्रे लिहिते. तिकडच्या बायकाही आपल्याला ‘वरचे’ म्हणून शिव्या घालत असतील.

ब्रह्मपुत्रेचे तर विचारूच नका. पावसाळ्यात चीनने पाण्याची माहिती द्यायची, हा करार २०२३ मध्ये संपला, आणि २०२५ पासून वर त्यांचे धरणाचे प्रचंड बांधकाम सुरू झाले आहे. आसामातल्या गिरणीवाल्याने मोटार कधी सोडवायची?

आपण पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग छापता. त्याशेजारी अलमट्टीची पातळी, आवक आणि जावकही रोज छापावी, ही विनंती. आणि प्रत्येक आकड्यापुढे तो किती वाजताचा ते टाकायला विसरू नका.

आपली,
एक पिठाची गिरणीवाली
गावभाग, सांगली