शाळांची सुट्टी टप्प्याटप्प्याने का नको?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीत कोकणच्या गाड्या ‘फुल्ल’ झाल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. दर एप्रिलला ती येतेच, फक्त फोटोतली गर्दी नवी असते. उपायही ठरलेले: जादा गाड्या, जादा एसटी, महामार्गावर जादा पोलीस. जवळजवळ सगळ्या राज्याच्या शाळा एकाच सुमारास का सुटतात, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात फ्रेंच शिकवते. २०२३-२४ या वर्षात फ्रान्समधल्या दिजाँ शहरात एका सरकारी शाळेत मोठ्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायचं काम मिळालं होतं. आठवड्याला बारा तास काम आणि महिन्याला हजार युरोंपेक्षा कमी पगार. पण सुट्ट्या अशा, की आपल्याकडच्या मास्तरांनी ऐकून गार पडावं. साधारण सहा-सात आठवडे शाळा झाली की दोन आठवडे सुट्टी. सत्ताविशीपर्यंतच्यांना ४९ युरोत वर्षभराचं सवलत कार्ड मिळतं, त्यावर रेल्वे तिकिटात ३० टक्के सूट. बाकी रात्रीची बस, हॉस्टेलमधला वरचा बंक आणि स्टेशनवरचा पाव. एवढ्यावर जमेल तितका युरोप पाहून घेतला.

पहिली सुट्टी ऑक्टोबरअखेरची. त्या वर्षी दिवाळीच्या आधीच ती संपली, त्यामुळे लक्ष्मीपूजनाला मी दिजाँतच होते. त्या सुट्टीत म्युनिक आणि साल्झबर्गला गेले. १ नोव्हेंबरला तिकडे सर्व संतांचा सण असतो, दुकानं कडकडीत बंद. हे ठाऊक नसल्यामुळे दिवसभर फिरून शेवटी मुख्य स्टेशनातल्या दुकानातून केळी आणि दही घेतलं, तेच रात्रीचं जेवण. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात म्युनिकच्या एक शिक्षिका भेटल्या. जर्मनीतली सोळाही राज्यं उन्हाळी सुट्टी आपसांत तारखा वाटून घेऊन देतात, बव्हेरियाचा नंबर कायम शेवटचा, जुलैअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, असं त्यांच्याकडून कळलं. तारखा २०३० पर्यंतच्या आत्ताच ठरलेल्या आहेत! मला आमच्या महाविद्यालयाची पुढच्या महिन्यातली तारीख विचारली असती तरी सांगता आली नसती.

फ्रान्समध्ये हेच अ, ब आणि क अशा तीन विभागांत होतं. दिजाँ अ विभागात, स्ट्रासबूर आणि नीस ब मध्ये, पॅरिस क मध्ये. ऑक्टोबर, नाताळ आणि उन्हाळा सगळ्यांचा एकच. हिवाळ्याची आणि वसंताची सुट्टी मात्र विभागवार, आणि क्रम दरवर्षी बदलतो, म्हणजे कायम मागे राहिल्याची तक्रार कुणाला करता येत नाही. डिसेंबरच्या सुमारास पोस्टमन घरोघरी नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन येतो, खुशीने द्याल ते घेतो. त्यात हे तिन्ही विभाग तीन रंगांत छापलेले असतात. आपल्याकडे स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय, तसं ते तिकडे फ्रीजला. माझ्या शेजारच्या आजी नातवंडं कधी येणार ते त्या रंगांवरूनच सांगायच्या.

२०२४ मध्ये हिवाळ्याची सुट्टी पॅरिसला १० फेब्रुवारीला लागली, आम्हाला १७ला आणि ब विभागाला २४ला. प्रत्येकाला दोनच आठवडे, पण आल्प्सच्या बर्फातल्या गावांना सलग चार आठवडे धंदा. मी उलटी वाट धरली. आमच्या सुट्टीच्या पहिल्या शनिवारी पॅरिसला गेले. गार द लियों स्टेशनात उतरले तर समोरच्या फलाटावर आल्प्सकडे जाणाऱ्यांची झुंबड: माणसाहून उंच पिशव्यांत बांधलेल्या स्की, पोरांच्या गळ्यात बर्फातले जाड बूट नाड्यांनी लोंबकळत, आणि एक आजोबा त्या गठ्ठ्यावरच बसून अंडं सोलत होते. आमची गाडी मात्र अर्धी रिकामी आणि तिकीट स्वस्त. शिक्षकांच्या पासवर ओर्से संग्रहालयही फुकट पाहिलं. ते मुळात रेल्वे स्टेशन होतं, त्यामुळे तिथेही नजर घड्याळाकडेच गेली. पुढच्या आठवड्यात दक्षिणेला माँतोंचा लिंबांचा उत्सव. लिंबं आणि संत्री रबरबँडने एकेक बांधून केलेले दोन-तीन मजली पुतळे! जवळ गेलं की साल सुकल्याचा वास येतो. मला सारखं वाटत होतं, एवढ्या लिंबांचं लोणचं किती बरण्या होईल.

गर्दी तिकडेही होते, हे सांगितलं पाहिजे. बिझों फुते नावाची सरकारी सेवा १९७६ पासून सुट्टीतल्या रस्त्यांचे दिवस हिरवे, नारिंगी, तांबडे आणि काळे असे रंगवून आधीच जाहीर करते, आणि फेब्रुवारीतल्या शनिवारी आल्प्सच्या वाटेवर बहुधा नारिंगी किंवा तांबडा रंग असतो. मुद्दा इतकाच की ही गर्दी चार आठवड्यांत वाटली जाते.

एप्रिलअखेर माझं काम संपलं, मेच्या सुरुवातीला ठाण्यात परतले, आणि स्टाफरूममधल्या निम्म्या मैत्रिणी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला! २० मेला आपल्याकडे लोकसभेचं मतदान होतं. फ्रान्समध्ये मतदान रविवारी होतं, केंद्रं नगरसेवक आणि स्वयंसेवक चालवतात. ते गाऱ्हाणं दुसऱ्या पत्रासाठी ठेवते.

आता कोकणाचा हिशेब मांडून बघा. शाळा मेच्या सुरुवातीला सुटतात. २५ मेनंतर किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार पावसाळ्यासाठी बंद होतात, तेव्हाच सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस. म्हणजे मालवण-तारकर्लीच्या माणसाला शाळकरी कुटुंबांचा हंगाम जेमतेम साडेतीन आठवडे. आल्प्समध्ये बर्फ वितळायच्या आत, आपल्याकडे पाऊस यायच्या आत. त्यांनी त्यावर केव्हाच तोडगा काढला. आपण माणगावच्या कोंडीत गाडी बंद करून कलिंगड खात बसतो.

एकाच राज्यात दोन तारखा आपल्याला नव्या नाहीत. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनमध्ये बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही. नवी मुंबईत केंद्रीय बोर्डाच्या शाळांच्या सुट्ट्या वेगळ्याच असतात, पण तिथे प्रत्येक शाळा आपल्या मर्जीने ठरवते. माझ्या ऐरोलीच्या बहिणीच्या दोन मुलांच्या शाळा वेगळ्या, सुट्ट्याही वेगळ्या, सामाईक दिवस हुडकताना तिचा जीव मेटाकुटीला येतो. मी म्हणते ती वाटणी शाळावार नको, विभागवार हवी. गणपती, दिवाळी सगळ्यांची एकत्रच राहू दे. उन्हाळ्यात मुंबई-ठाणे-रायगड पट्टा २० एप्रिलला सुटू दे आणि पुणे-नाशिक पट्टा १ मेला. जे आधी सुटतील त्यांनी आधी शाळेत यावं, दिवस तेवढेच.

नाशिकच्या मामाकडे मुलांनी कधी जायचं, असं कुणी म्हणेलच. फ्रान्समध्येही आजी-आजोबांची हीच तक्रार असते, पण तिथे दोन विभागांची सुट्टी जुळते ती जेमतेम एखादा आठवडा. आपली उन्हाळी सुट्टी सहा आठवड्यांची. दहा दिवस इकडेतिकडे झाले तरी महिनाभर भाचरं एकत्र असतील, आणि महिन्यानंतर मामीही कंटाळतेच. परीक्षा दहा दिवस अलीकडे आणाव्या लागतील, ही अडचण मात्र खरी आहे, आणि त्याचं नियोजन जूनपासूनच करावं लागेल.

शिक्षण खात्याने सगळं राज्य एकदम बदलू नये. एक वर्ष हे दोनच पट्टे करून पाहावेत. तारखा मात्र जानेवारीतच जाहीर करा. रेल्वेचं आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २० एप्रिलच्या मांडवी एक्स्प्रेसचं आरक्षण १९ फेब्रुवारीला सकाळी आठला सुरू होईल. सुट्टीचं परिपत्रक त्यानंतर आलं, तर ठाण्याच्या फलाटावरचा फोटो तुम्हाला पुन्हा छापावा लागेल.

आपली,
एक फ्रेंच शिक्षिका, नौपाडा, ठाणे (प.)
(नाव प्रसिद्ध करू नये.)